बाबूजींचा राजीनामा आणि आपला हिशेब

निवडणूक जाहीर झाली की आमच्या वकिलीच्या टेबलावर दोन प्रकारचे कागद वाढतात. एक, उमेदवारी अर्जासोबत जोडायची प्रतिज्ञापत्रे आणि दुसरे, राजीनाम्यांचे मसुदे. प्रतिज्ञापत्रात काय लिहायचे ते कायद्याने ठरवून दिले आहे. राजीनाम्यात काय लिहायचे ते मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि गंमत अशी की सगळ्यांचे राजीनामे सारखेच असतात. ‘पक्षात लोकशाही उरली नाही’, ‘समाजावर अन्याय होत आहे’, ‘कार्यकर्त्यांच्या भावना लक्षात घेऊन’! पाच वर्षे, दहा वर्षे, कधी तीस वर्षे ज्या पक्षात सुखाने नांदले, त्या पक्षात लोकशाही नाही हे नेमके तिकीटवाटपाच्या पंधरवड्यात कसे कळते, हे कोडे आम्हाला अजून उलगडलेले नाही.

मागच्या एका निवडणुकीत रात्री दहाच्या सुमारास आमच्याकडे एक जुना कार्यकर्ता आला. पंचवीस वर्षे चळवळीत काढलेला माणूस. मोर्चात पुढे, सभेनंतर सतरंज्या उचलायला सर्वात शेवटी. दारातच म्हणाला, “जय भीम साहेब. आपल्या नेत्यांनी आज पक्ष बदलला. परवा वस्तीत त्यांचा सत्कार ठेवायचा निरोप आहे. कमान आम्हीच उभारायची. कालपर्यंत ज्यांच्या विरोधात घोषणा दिल्या त्यांचाच झेंडा आता वस्तीत लावायचा. पोरं विचारतात, काका, काल खोटं बोलत होता की आज बोलताय? काय सांगू त्यांना?”

आमच्यापाशी त्या रात्री उत्तर नव्हते. कायद्याचे उत्तर होते, पण ते त्याच्या उपयोगाचे नव्हते. त्यानंतर आम्ही पुष्कळ विचार केला, जुन्या गोष्टी पुन्हा वाचल्या, आणि विचार करता करता एका मोठ्या राजीनाम्यापाशी येऊन थांबलो. स्वतंत्र भारताच्या इतिहासात निवडणुकीच्या तोंडावर झालेला तो सर्वात गाजलेला राजीनामा होता, आणि तो देणारा माणूस अस्पृश्य समाजातला होता. बाबू जगजीवन राम. तारीख २ फेब्रुवारी १९७७.

आपल्या चळवळीत बाबूजींचे नाव निघाले की लगेच कपाळाला आठ्या पडतात. त्याला कारणेही आहेत. १९४२ साली बाबासाहेबांनी नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना केली, तेव्हा जगजीवन राम काँग्रेसच्या सावलीतल्या डिप्रेस्ड क्लासेस लीगचे पुढारी होते. धर्मांतराच्या घोषणेला त्यांनी साथ दिली नाही. १९४६ साली कॅबिनेट मिशनपुढे अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून काँग्रेसच्या बाजूने तेच उभे राहिले. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात ज्या मजूर खात्याचा कारभार पाहिला, तेच खाते सप्टेंबर १९४६ च्या हंगामी सरकारात जगजीवन राम यांच्याकडे गेले. काँग्रेसला बाबासाहेबांना शह द्यायला एक माणूस हवा होता, तो तिला मिळाला, हे आपल्या चळवळीचे म्हणणे आहे आणि ते चुकीचे नाही.

पण वकिलाने समोरच्या पक्षाचीही कागदपत्रे वाचली पाहिजेत. बिहारमधील आरा शहराजवळच्या चंदवा गावी ५ एप्रिल १९०८ रोजी चांभार कुटुंबात जन्मलेला हा माणूस. मधली थोडी वर्षे सोडली तर १९४६ पासून १९७७ पर्यंत केंद्रात मंत्री होता. मजूर, दळणवळण, रेल्वे, कृषी, संरक्षण ही सगळी मोठी खाती त्यांनी सांभाळली. हरितक्रांतीच्या काळात ते कृषिमंत्री होते. १९७१ च्या युद्धात, ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली तेव्हा, ते संरक्षणमंत्री होते. १९६९ साली काँग्रेस फुटली तेव्हा इंदिरा गांधींच्या बाजूच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. प्रशासनावर त्यांची पकड होती, हे त्यांच्या शत्रूंनीही मान्य केले. कर्तृत्वात हा माणूस कुणापेक्षा कमी नव्हता. म्हणूनच त्यांच्या राजीनाम्याचा हिशेब नीट मांडला पाहिजे.

अठरा महिन्यांचे मौन

२५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाला त्याची खबर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बैठकीत मिळाली. म्हणजे देशाचा इतका ज्येष्ठ मंत्री, त्यालाही आधी विचारले गेले नाही! झालेल्या गोष्टीवर मान डोलवायला सर्वांना पहाटे बोलावले होते. त्या बैठकीत बाबूजी उठून गेले नाहीत.

पुढचे त्याहून वाईट आहे. घटनेच्या कलम ३५२ नुसार आणीबाणीच्या घोषणेला दोन महिन्यांच्या आत संसदेची मंजुरी लागत होती. ती मिळाली नाही तर घोषणा आपोआप संपली असती. लोकसभेत हा मंजुरीचा ठराव जुलै १९७५ मध्ये कुणी मांडला? बाबू जगजीवन राम यांनी! विरोधी नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप होते, आणि ज्या घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते त्या घटनेतले मूलभूत हक्क गुंडाळून ठेवण्याचा ठराव अस्पृश्य समाजातल्या सर्वात मोठ्या मंत्र्याच्या हातून मांडून घेतला गेला. ज्याचा हात वापरला गेला तो हात त्या दिवशी आखडला असता तर इतिहास वेगळा झाला असता की नाही ते सांगता येत नाही. पण तो माणूस मात्र नक्की वेगळा ठरला असता.

त्यानंतर अठरा महिने गेले. दिल्लीत तुर्कमान गेटला घरांवर बुलडोझर फिरले. नसबंदीच्या सक्तीत गरीब वस्त्यांतली, म्हणजे बहुतांशी आपली आणि मुस्लिम समाजाची माणसे भरडली गेली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणीबाणीत माणसाला बेकायदा डांबले तरी त्याला कोर्टात दाद मागता येणार नाही, असा निकाल चार विरुद्ध एक मताने दिला. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची सेवाज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यांना दिले गेले, आणि खन्नांनी राजीनामा दिला. निकाल देताना त्यांना आपले काय होणार याची कल्पना असणारच. तरी त्यांनी तो दिला.

एकाच सुमारास दोन राजीनामे झाले. खन्नांनी किंमत आधी मोजली आणि राजीनामा नंतर दिला. बाबूजींनी १८ जानेवारीला निवडणूक जाहीर होईपर्यंत वाट पाहिली आणि पंधरा दिवसांनी मंत्रिमंडळ आणि काँग्रेस सोडली. सोबत उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणा आणि ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी होत्या. त्या दोघांचीही मुख्यमंत्रिपदे आणीबाणीतच गेली होती. नवा पक्ष निघाला, काँग्रेस फॉर डेमॉक्रसी.

आम्ही इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आणीबाणीबद्दल आपल्या समाजात एकमत नव्हते. वेठबिगारी संपवणारा कायदा त्याच काळात, १९७६ मध्ये झाला. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याला दात आले ते १९७६ च्या दुरुस्तीने, आणि त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीनांना जमिनीचे आश्वासन होते. आपल्यातले काही मोठे लोक इंदिरा गांधींच्या बाजूने बोलत होते, रिपब्लिकनांचे एक टोक काँग्रेससोबत होते आणि दुसरे जनता पक्षासोबत. बाबूजींनी आणीबाणीत राहून समाजाचे काही भले केले असे कुणी म्हणाले तर त्यावर वाद घालता येईल. पण मग ते बाबूजींनी स्वतः म्हणायला हवे होते. ठराव मांडताना आणीबाणी योग्य आणि सोडताना अयोग्य, या दोहोंच्या मध्ये त्यांनी समाजाला काहीच सांगितले नाही.

वापर झाला, वाटा मिळाला नाही

त्या राजीनाम्याने काँग्रेसचा पाया हादरला हे खरे. दिल्लीच्या रामलीला मैदानावरच्या सभेला गर्दी होऊ नये म्हणून दूरदर्शनवर ‘बॉबी’ सिनेमा लावला गेला, तरी लोक सभेलाच गेले. बाबूंनी बॉबीला हरवले, अशी थट्टा वर्तमानपत्रांनी केली. मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातल्या ८५ आणि बिहारमधल्या ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. देशभरात ती १५४ वर आली. अस्पृश्य समाज ही काँग्रेसची पिढीजात शिदोरी होती. ती गाठ बाबूजींनी सोडली. त्यांच्या पक्षाचे २८ खासदार आले.

आता पंतप्रधान कोण? बाबूजींचा अनुभव सर्वात मोठा होता. पण जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांच्यावर निवड सोपवली गेली आणि मोरारजी देसाई पंतप्रधान झाले. चरणसिंहांनी इस्पितळातून पत्र पाठवून मोरारजींना पाठिंबा दिला, तो जगजीवन राम होऊ नयेत म्हणून. आणीबाणीचा ठराव यांनीच मांडला होता, हे कारण पुढे करण्यात आले. कारण खोटे नव्हते. पण हे कारण फेब्रुवारीत, त्यांची मते हवी असताना, कुणाला आठवले नव्हते! मते घेताना बाबूजी लोकशाहीचे तारणहार, आणि खुर्ची देताना आणीबाणीचे साथीदार. बाबूजी रुसले, शपथविधीला गेले नाहीत, काही दिवसांनी संरक्षणमंत्री झाले. राजीनाम्यापासून तीन महिने होतात न होतात तोच त्यांचा पक्ष जनता पक्षात विलीन झाला. म्हणजे घासाघीस करायला जे एकमेव हत्यार हातात होते, तेही त्यांनी समोरच्याच्या कोठारात जमा केले.

आणि समाजाला काय मिळाले? मे १९७७ मध्ये बिहारच्या बेलछीत अकरा जणांना जिवंत जाळले. त्यात आठ दलित होते. बाबूजींचे राज्य, बाबूजींचे सरकार. चिखलातून हत्तीवर बसून बेलछीला कोण पोचले? इंदिरा गांधी! बाबूजींनी काँग्रेसपासून तोडलेली मते परत जोडण्याची सुरुवात तिथे झाली. जानेवारी १९७८ मध्ये वाराणसीत बाबूजींच्या हस्ते संपूर्णानंदांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, आणि सवर्ण विद्यार्थ्यांनी तो पुतळा गंगाजलाने धुतला. देशाचा संरक्षणमंत्री, १९७१ च्या विजयाचा शिल्पकार, आणि त्याच्या स्पर्शाने दगड बाटला! त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपली घरे पेटली. जनता पक्षाचे राज्य दिल्लीत होते, मुंबईत त्याच पक्षाला सोबत घेऊन पक्षांतरातूनच जन्मलेले सरकार होते. दोन्ही ठिकाणी आपली माणसे सत्तेच्या जवळ होती. घरे मात्र पेटायची ती पेटलीच.

जानेवारी १९७९ मध्ये ते चरणसिंहांसोबत उपपंतप्रधान झाले. जुलैत मोरारजी गेले, चरणसिंह आले आणि संसदेला सामोरे न जाताच ऑगस्टमध्ये गेले. जनता पक्षाचे नेते म्हणून बाबूजींनी सरकार बनवण्याचा दावा केला. राष्ट्रपती संजीव रेड्डींनी त्यांना संधीच दिली नाही, २२ ऑगस्ट १९७९ रोजी लोकसभा विसर्जित केली. जनता पक्षाने १९८० ची निवडणूक बाबूजींना पंतप्रधानपदाचे उमेदवार म्हणून पुढे करून लढवली, ती पडत्या काळात. जागा मिळाल्या ३१. पुढे तोही पक्ष सुटला आणि १९८१ मध्ये काँग्रेस (जे) निघाली, ‘जे’ म्हणजे जगजीवन. ६ जुलै १९८६ रोजी ते गेले, तेव्हा ते सासाराममधून निवडून आलेले खासदार होते. मतदारसंघ शेवटपर्यंत राहिला, पण संघटना कुठेच उभी राहिली नाही.

दोष एकट्या माणसाचा नाही

आम्ही बाबूजींना शिव्या द्यायला हा लेख लिहीत नाही. शिव्या देणे सोपे आहे, त्यातून कार्यकर्त्याला उत्तर मिळत नाही. या माणसाला असे का वागावे लागले, याचे मूळ २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात आहे. आपल्याला राखीव जागा मिळाल्या, प्रांतिक कायदेमंडळात १४८, पण स्वतंत्र मतदारसंघ गेला. राखीव जागेवर उभा राहणारा आपला, त्याला निवडणारे बहुसंख्य मात्र दुसरे. असा माणूस निवडून येतो पक्षाच्या मर्जीने आणि बोलतो पक्षाच्या परवानगीने. कांशीराम यांनी कराराला ५० वर्षे झाली तेव्हा, १९८२ मध्ये, ‘चमचा युग’ म्हणून याचीच चिरफाड केली. पक्षाच्या मर्जीवर जगलेला माणूस पक्ष सोडतो तेव्हा त्याला दुसऱ्या पक्षाची मर्जी शोधावी लागते. त्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नसतेच.

कायदा इथे आपल्याला फार मदत करत नाही. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद झाली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची उरली. पण हा कायदा सभागृहातल्या सदस्यापुरता आहे. मुदत संपताना राजीनामा देऊन जो दुसऱ्या पक्षाचे तिकीट घेतो, त्याला हा कायदा शिवतही नाही. कर्नाटकात २०१९ साली सतरा आमदार अपात्र ठरले. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण पोटनिवडणूक लढवू दिली, आणि जे नव्या पक्षाकडून उभे राहिले त्यातले बहुतेक निवडूनही आले. म्हणजे शेवटचे न्यायालय मतदार आहे. तिथे निकाल द्यायला काळ्या कोटाची गरज नाही.

बाबूजींच्या हातून मांडल्या गेलेल्या ठरावावर देशाने उपाय शोधला, हेही लक्षात ठेवावे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने असे ठरवले की मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय असल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर करू नये. एका रात्री सगळे मंत्री तोंडी गुंडाळले गेले, म्हणून ‘लेखी’ हा शब्द घटनेत आला. आपण आपल्या चळवळीत हा शब्द कधी आणणार आहोत?

बाबासाहेबांचा राजीनामा

निवडणुकीआधी सत्ता सोडण्याचे दुसरे उदाहरण आपल्या घरातले आहे. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये नेहरू मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. मग यात आणि त्यात फरक काय?

एक, त्यांनी कारणे एकेक करून सांगितली. हिंदू कोड बिल, मागासवर्गीयांकडे होणारे दुर्लक्ष, परराष्ट्र धोरण, खात्यांच्या वाटपातला दुजाभाव. त्यातले कुठलेही कारण निवडणुकीनंतर बदलले नाही. दोन, ते कुणाच्या मांडीवर जाऊन बसले नाहीत. आपल्या फेडरेशनच्या चिन्हावर उभे राहिले, उत्तर मुंबईत हरले, १९५४ मध्ये भंडाऱ्यात हरले, पण समाजाला कालचे खोटे की आजचे खोटे असा प्रश्न पडला नाही. तीन, त्यांच्यामागे समाज गेला तो संघटनेने बांधलेला होता.

युती करू नये असेही त्यांचे म्हणणे नव्हते. १९५७ मध्ये फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत गेले ते स्वतःचा झेंडा घेऊन. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आणि कोपरगावमधून बी. सी. कांबळे लोकसभेत गेले. १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला तेव्हा दादासाहेबांनी मागण्यांची सनद आधी सरकारपुढे ठेवली आणि मग लाखो लोक तुरुंगात गेले. आधी मागणी, मग लढा, मग तडजोड. पुढे आपण हा क्रम उलटा केला. आधी तडजोड, मग तिकीट, आणि मागणी उरलीच तर सत्काराच्या भाषणात.

त्या रात्री आलेल्या कार्यकर्त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावले आणि चार प्रश्न लिहून दिले. पक्ष सोडण्याचा निर्णय तुम्ही कुणाला विचारून घेतला? जुन्या पक्षात असताना हाच आक्षेप तुम्ही कधी आणि कुठे नोंदवला? नव्या पक्षाकडून समाजासाठी लेखी काय घेतले? आणि निवडणुकीनंतर त्यांनी शब्द फिरवला तर तुम्ही काय सोडाल? आम्ही म्हणालो, “कमान उभारू नका, विहारात बैठक बोलवा. हार नंतर घालू, आधी उत्तरे.”

नेते आले. वस्तीतल्या बायकांनी, शिकणाऱ्या पोरांनी प्रश्न विचारले. पहिल्या प्रश्नावर नेते हसले, दुसऱ्यावर चिडले, तिसऱ्यावर म्हणाले, “वरिष्ठांनी शब्द दिलाय.” मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या आईने विचारले, “शब्द लिवून दिलाय का, बाबा?” चौथ्या प्रश्नापर्यंत ते थांबले नाहीत, त्यांना पुढच्या सभेला जायचे होते. वस्तीने त्यांना मत दिले की नाही हे आम्हाला ठाऊक नाही. मत गुप्त असते आणि ते गुप्तच राहिले पाहिजे. पण कमान उभी राहिली नाही.

त्या दिवसाचे प्रश्न आणि उत्तरे एका वहीत लिहून ठेवली आहेत. तिसऱ्या प्रश्नापुढे ‘लेखी काही नाही’ असे लिहिले आहे आणि चौथ्यापुढची जागा कोरी आहे. वही विहारातल्या कपाटात आहे. नेते पुढच्या निवडणुकीत कोणत्याही पक्षातून आले तरी त्यांनी आधी ती कोरी जागा भरायची आहे. बांधवांनो, अशी एक वही तुमच्या विहारातही असू द्या.

जय भीम!